फिरतंय तर खरं!

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भरदुपारी वीज गेली की पहिली पाच मिनिटं शांततेत जातात. गाळ्यातले लेथ थांबतात, कॉम्प्रेसर एक शेवटचा सुस्कारा सोडून गप्प होतो आणि हेल्पर कुणी न सांगताच चहा आणायला निघतो. सहाव्या मिनिटाला कुणीतरी मोबाइल काढतो आणि ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडतो. त्यात निळंभोर आकाश, हिरवीगार टेकडी, घडी करून बॅगेत मावणारा एक छोटासा पंखा आणि तो पंखा जमिनीत रोवणारी, अजिबात घाम न आलेली माणसं असतात. खाली मजकूर : ‘मंद झुळुकीवरही वीज! कुठेही न्या! बिल शून्य!’ लगेच चर्चा पेटते. ‘आपल्या गच्चीवर किती बसतील?’ असं एकजण विचारतो. ‘हे मुद्दाम दाबून ठेवलंय,’ असं दुसरा सांगतो. कुणी दाबलं, ते तो सांगत नाही. ‘परदेशात घरोघरी आहे,’ असं तिसरा म्हणतो. त्याचा भाचा परदेशात असतो. चौथा नुसते जोडलेले हात पाठवतो, कारण व्हिडिओ न उघडताच त्याला ती श्रद्धांजली वाटलेली असते. वीज परत येईपर्यंत किसननगरपासून लोकमान्यनगरपर्यंतचा ऊर्जाप्रश्न सुटलेला असतो. माझा वाद आहे तो या सुटलेल्या प्रश्नाशी. व्हिडिओतला पंखा खोटा नाही. तो खरोखर फिरतो. घोळ होतो तो नेमका तिथेच, कारण एखादी वस्तू फिरताना दिसली की ती काम करतेय, असं आपण बिनचौकशी धरून चालतो.

या समजुतीचा पुरावा शोधायला कुठल्याही सोसायटीची गच्ची पुरेशी आहे. सौर पॅनेलचं उदाहरण घ्या. एक किलोवॉटचा संच आपल्याकडच्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण 4 युनिट वीज देतो. 2024च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत घरगुती संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदानही मिळतं. एवढं असूनही वार्षिक सभेत पॅनेलबद्दल कुणाच्या डोळ्यांत चमक येत नाही. ‘नुसतं पडून तर असतं!’ हा त्यावरचा मुख्य आक्षेप. पॅनेल आवाज करत नाही, हलत नाही, पाहुण्यांना गच्चीवर नेऊन दाखवावं असं त्यात काही नसतं. पंखा मात्र गरगरतो, चकाकतो, कधी कुरकुरतोही. म्हणजे कष्ट घेतोय. जो सेक्रेटरी दिवसभर जिन्यावरून फाइल घेऊन खाली-वर करतो, तो बिनविरोध निवडून येतो आणि जो एका जागी बसून तीन वर्षांचा हिशेब चोख ठेवतो, त्याला ‘हे करतात काय?’ असं विचारलं जातं. तोच न्याय आपण गच्चीवरच्या यंत्रांनाही लावतो, एवढंच.

वागळे इस्टेटमध्ये तर या गैरसमजाची जाहिरात पत्र्यापत्र्यावर फिरते आहे. जुन्या शेडच्या छपरांवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचे ते कांद्याच्या घाटाचे गोळे पाहा. त्यांना टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात. शेडमधली तापलेली हवा वर चढते, गोळ्याच्या पात्यांतून बाहेर पडते, बाहेरची झुळूक त्याला हात लावते आणि गोळा फिरत राहतो. पात्यांवर धुळीचा तपकिरी थर बसलेला असतो, बेअरिंग कोरडं पडलेलं असतं, दर फेऱ्याला एक ‘किर्र’ होते. तरी पानही हलत नसताना हा आपला चालूच. रस्त्याने जाणारा नवखा माणूस हमखास थांबून विचारतो, ‘एवढ्याशा वाऱ्यावर फिरतंय, म्हणजे वीज किती बनत असेल हो?’ उत्तर आहे, शून्य. त्या गोळ्याचं काम गरम हवा बाहेर टाकण्याचं आहे आणि ते तो इमानेइतबारे करतो. त्याच्यावर वीज काढण्याचा भार टाकला, म्हणजे आत चुंबक आणि तारांची गुंडाळी बसवली, की आहे तेवढी झुळूक त्याला फिरायलाही पुरणार नाही. रिकामं फिरायला जवळजवळ काहीच लागत नाही. कुणाला तरी ओढत फिरायचं म्हटलं की वाऱ्याचा खिसा तपासावा लागतो.

आता तो खिसाच तपासू. पिंपळाची पानं सळसळतील आणि चेहऱ्याला गार वाटेल असा वारा सेकंदाला साधारण 3 मीटर, म्हणजे ताशी 11 किलोमीटर वेगाने वाहत असतो. वागळेतल्या दुपारच्या झुळुकीला आपण उदार मनाने हा वेग देऊन टाकू. एक चौरस मीटरच्या चौकटीतून जाणाऱ्या अशा वाऱ्यात 16 वॉट शक्ती असते. ती सगळी काढून घेता येत नाही, कारण पंख्यामागे गेलेल्या हवेला पुढे सरकण्यापुरता तरी वेग शिल्लक ठेवावाच लागतो. नाहीतर ती तिथेच तुंबेल आणि मागून येणाऱ्या हवेला वाट उरणार नाही. तीन हात नाक्यावर हा प्रयोग रोज संध्याकाळी पाहायला मिळतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी 1919 साली दाखवून दिलं की आदर्श पंखाही वाऱ्यातली 59 टक्क्यांच्या आसपासच शक्ती काढू शकतो. बाजारात मिळणाऱ्या छोट्या पंख्याला 30 टक्के जमले तरी त्याची पाठ थोपटावी. खरी मेख पुढेच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते; कारण सेकंदाला दुप्पट हवा येते आणि प्रत्येक किलो हवा चौपट जोर घेऊन येते. हा घनाचा नियम ऐकून माणसं खूश होतात. पण हाच नियम उलट बाजूनेही तितकाच कडक आहे, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. वारा निम्मा झाला की शक्ती आठवा हिस्सा उरते.

त्यामुळे खोक्यावर छापलेला आकडा जरा निरखून वाचायला हवा. खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं ‘400 वॉट’. खाली, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरात, हा आकडा सेकंदाला 12 मीटर वाऱ्यासाठी असल्याचं दिलेलं असतं. म्हणजे ताशी 43 किलोमीटर. घोडबंदर रोडच्या जाहिरातींत इमारत स्टेशनपासून ‘फक्त दहा मिनिटांवर’ असते, तशातलाच हा प्रकार. अंतर खोटं नसतं. ते पहाटे साडेतीनला, सगळे सिग्नल हिरवे असताना मोजलेलं असतं. आपली झुळूक 12 च्या ऐवजी 3 मीटरची, म्हणजे एक चतुर्थांश. शक्ती उरते चौसष्टावा हिस्सा. 400 वॉटचे झाले 6 वॉट. असा पंखा साधारण सव्वा मीटर व्यासाचा असतो, म्हणजे घरातल्या छताच्या पंख्याएवढाच. छताचा साधा पंखा 75 वॉट खातो. तेव्हा घरात एक पंखा फिरवायचा, तर त्याच मापाचे 12-13 पंखे गच्चीवर फिरत राहायला हवेत. गाळ्यातला 5 हॉर्सपॉवरचा लेथ चालवायचा तर सहाशेच्या वर. एवढे पंखे लावायचे, तर शेजारच्या गाळ्यांची छपरं भाड्याने घ्यावी लागतील आणि मग दुपारी लेथवर जो जॉब निघेल तो बहुधा पंख्यांच्या सुट्या भागांचाच असेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : थेंबे थेंबे तळे साचे. 6 तर 6 वॉट. पण वारा दिवसरात्र वाहतो, सूर्यासारखा संध्याकाळी घरी जात नाही. मुद्दा रास्त आहे, म्हणून तळं मोजूनच पाहू. झुळूक 24 तास एक क्षणही न थांबता वाहिली, असं धरलं तर दिवसाला दीडशे वॉट-तास, महिन्याला साडेचार युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर महिन्याचे 45 रुपये. पंखा, बॅटरी, चार्ज कंट्रोलर आणि खांब मिळून समजा 20 हजारांना पडले, तर पैसे वसूल व्हायला 37 वर्षं लागतील. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी याच वागळे इस्टेटमधल्या एका समारंभात स्थापन झालं. त्या दिवशी कोनशिलेशेजारी असा एक पंखा रोवला असता, तर 1999 साली तो फायद्यात आला असता. अर्थात मधल्या काळात दर चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलायची नाही, बेअरिंगला वंगण घालायचं नाही आणि पतंगाच्या मांज्याने पंखा एकदाही अडकायचा नाही, या अटीवर. शिवाय घरातला इन्व्हर्टर नुसता जागा राहण्यासाठी काही वॉट स्वतःच गिळतो. तळं साचतं हे खरं. पण काठावर बसलेली म्हैस ते आधीच पिऊन टाकते.

दुसरा आक्षेप गच्चीवाल्यांचा. ‘अहो, खाली नसेल वारा, सातव्या मजल्यावर येऊन बघा, चादरी उडतात!’ चादरी उडतात, हे मान्य. पण चादर उडणं आणि पंख्याला सरळ, सलग वारा मिळणं यात फरक आहे. एक तर वागळे इस्टेटच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर पाठ करून बसले आहेत. समुद्रावरून निघालेला वारा उपनगरं ओलांडून, राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर चढून इकडे उतरतो तोवर त्याची अवस्था सकाळच्या गाडीतून उतरलेल्या माणसासारखीच होते. त्यानंतर टॉवर, आयटी पार्क, पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे खांब, होर्डिंग आणि गच्चीचा कठडा. यांना आपटून वारा भोवरे खातो आणि पंखा बिचारा वाऱ्याकडे तोंड करण्यातच दिवस घालवतो. ‘मग उभ्या दांड्याचा घ्या, त्याला दिशा लागत नाही,’ असा सल्ला येतो. लागत नाही खरी. पण भोवऱ्यातल्या वाऱ्यात मुळात जी शक्ती नाही, ती उभा पंखा तरी कुठून आणणार? या क्षेत्रातली जुनी शिकवण अशी की पंखा आजूबाजूच्या शे-दीडशे मीटरमधल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षाही 9-10 मीटर वर हवा. वागळेत हा नियम पाळायचा म्हटला, तर खांब इमारतीपेक्षा उंच होईल आणि त्या खांबालाच ना-हरकत प्रमाणपत्र लागेल.

हे सगळं कागदावरचं गणित म्हणून कुणी उडवून लावेल, तर इंग्रजांनी ते प्रत्यक्ष करून पाहिलं आहे. ब्रिटनमध्ये 2007-08 च्या सुमाराला इमारतींवर बसवलेल्या 26 छोट्या पवनयंत्रांवर मीटर लावून वर्षभर मोजणी झाली. ‘वॉरिक विंड ट्रायल्स’ या नावाने तिचा अहवाल 2009 मध्ये आला. बंद पडलेले दिवस धरून एका यंत्राची सरासरी निघाली दिवसाला 214 वॉट-तास, म्हणजे एक पंचमांश युनिट. सगळ्यात मागे राहिलेल्या यंत्राने जितकी वीज बनवली, तिच्याहून जास्त त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सने खाल्ली. त्या अहवालातला मला सर्वांत आपला वाटलेला भाग पुढचा आहे. उंच इमारतींवरच्या यंत्रांना वारा चांगला मिळाला आणि त्यांनी वीजही बरी दिली. पण रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या आणि ती बराच काळ बंद ठेवावी लागली. म्हणजे जी वीज देत होती ती शेजाऱ्यांनी बंद पाडली आणि शेजाऱ्यांनी ज्यांना सोडलं त्यांनी वीज दिली नाही. विज्ञानाला सीमा नसतात म्हणतात. गृहनिर्माण संस्थांनाही नसाव्यात.

तिसरा आक्षेप ‘पोर्टेबल’ या शब्दावर जीव असलेल्यांचा. ‘वारा येत नाही तर आपण वाऱ्याकडे जाऊ, उचलायचा आणि न्यायचा!’ कुठे न्यायचा? रायलादेवी तलावाच्या काठी, उपवनला की हायवेवरच्या पुलावर? वाऱ्यामागे पंखा घेऊन चालत निघालेल्या माणसाच्या चालण्याने वारा निर्माण होतो, हे खरं. पण सेकंदाला जेमतेम दीड मीटर, म्हणजे वरच्या झुळुकीच्या निम्मा. शक्ती आठवा हिस्सा. पाऊण वॉटही पदरात पडणार नाही आणि लोक वाट सोडतील ते वेगळंच. मग कल्पनाशक्तीला बहर येतो. हायवेच्या दुभाजकावर पंखे लावा, गाड्यांच्या वाऱ्याने फिरतील. त्यासाठी गाड्या चालल्या पाहिजेत, ही पहिली अडचण. लोकलच्या दारात लावा. लावता येईल, पण तो वारा लोकलच्या मोटरने वीज जाळून तयार केलेला असतो, पंख्याचा अडथळा झाला की मोटर तेवढी जास्त वीज ओढणार आणि पंखा त्यातली थोडीशी परत देणार. एका हाताने शंभर रुपये काढून दुसऱ्या हाताने वीस मिळवणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणत नाही. गाळ्यातल्या एक्झॉस्ट फॅनसमोर दुसरा पंखा लावून ‘फुकट’ वीज काढण्याच्या योजनेलाही हेच उत्तर आहे. पण ही योजना मांडणाऱ्याला ते पटत नाही, कारण दुसरा पंखा त्याच्या डोळ्यांसमोर मस्त फिरत असतो.

‘म्हणजे तुमचा पवनऊर्जेलाच विरोध दिसतो,’ असा शेवटचा बाण सुटतो. अजिबात नाही. वाऱ्याचा घनाचा नियम ज्यांनी ऐकला, त्यांचं कल्याणच झालं आहे. देवगडच्या किनाऱ्यावर 1980 च्या दशकातच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. साताऱ्याकडचं वनकुसवडे आणि चाळकेवाडीचं पठार, धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, इथे त्या रांगेने उभ्या आहेत. कारण तिथे वारा आहे, खांब उंच आहेत आणि जून ते सप्टेंबर तो वारा माणसालाही उभं राहू देत नाही. छोट्या पंख्यालाही त्याची जागा आहे. समुद्रातली शिडाची बोट, तारा न पोचलेली माळावरची वस्ती, दुर्गम ठिकाणचं हवामान केंद्र. राज्य सरकारच्या ‘महाऊर्जा’ने छोट्या पंख्याला सौर पॅनेलची जोड देणाऱ्या संचांना अनुदान दिलं, त्यामागेही शहाणपण आहे : पावसाळ्यात ऊन कमी होतं तेव्हा वारा वाढतो. बाटलीएवढा घडीचा पंखा पाठीवर टाकून कुणी आषाढात हरिश्चंद्रगडावर गेला, तर त्याचा फोन चार्ज होईल. रेंज मिळेल की नाही ही निराळी गोष्ट. वागळेलाही कधीतरी खरा वारा मिळतो. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा ताशी 114 किलोमीटरपर्यंतचे झोत नोंदले गेले. आपल्या झुळुकीच्या तुलनेत ही शक्ती हजारपटींहून जास्त. वर्षभराची कसर एका दुपारी भरून निघाली असती. फक्त तेव्हा पंखा आपल्या गच्चीवर असता, की समोरच्या सोसायटीच्या, हे सांगता येत नाही.

इतकं सांगूनही ज्याला घ्यायचाच आहे, त्याने खुशाल घ्यावा. फक्त आधी वर्षभर गच्चीवरचा वारा मोजावा. त्यासाठी एक साधं, स्वस्त उपकरण मिळतं. दांड्यावर तीन वाट्या बसवलेल्या असतात, वाऱ्याने त्या गरगरतात आणि वेगाचा आकडा दिसतो. रोज आकडे लिहून ठेवायचे, त्यांचा घन करायचा आणि वर्षाअखेर बेरीज पाहून ठरवायचं. हा सल्ला अत्यंत शास्त्रशुद्ध आहे आणि तो वागळेत का चालणार नाही, याचं कारणही मला दिसतं आहे. वाट्या बसवून आठ दिवस होत नाहीत, तोच समितीतले दोघे जण गच्चीवर येतील, कमरेवर हात ठेवून ते उपकरण बराच वेळ न्याहाळतील आणि समाधानाने मान हलवतील. ‘छान फिरतंय हो! आता असं करू, लिफ्ट याच्यावरच टाकू.’